मॉड्यूलची परीक्षा टेबलावरच

फॅन्टसी आरपीजीचे, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायच्या खेळाचे, एखादे नवे मॉड्यूल, म्हणजे तयार लिहिलेली मोहीम, बाजारात आले की आठवड्याच्या आत त्यावर मते येऊ लागतात. मुखपृष्ठ देखणे आहे, कागद जाड आहे, खलनायकाची पूर्वकथा चटका लावणारी आहे, नकाशे रंगीत आहेत, अशी ती मते असतात आणि बहुतेकदा ती प्रामाणिकही असतात. मात्र अडीचशे पानांची मोहीम खेळून संपवायला एखाद्या गटाला सहज अनेक महिने लागतात. तेव्हा आठवड्याभरात आलेले मत वाचणाऱ्याचे आहे, खेळवणाऱ्याचे नव्हे, हे सांगायला ज्योतिषी नको. माझा आक्षेप वाचण्याला नाही. वाचून दिलेले मत खेळून दिलेल्या मताच्या पाटावर बसवले जाते आणि त्याच मतांकडे बघून पुढची मॉड्यूल्स लिहिली जातात, याला आहे. त्यातून गेल्या काही दशकांत मॉड्यूल हे हत्यार कमी आणि वाचनीय पुस्तक जास्त होत गेले आहे, आणि त्याची किंमत टेबलाच्या टोकाला बसून खेळ चालवणारा गेम मास्टर मोजतो आहे.

या खेळात चार-पाच जण एकेका पात्राची भूमिका घेतात. एक जण, म्हणजे गेम मास्टर, उरलेले सगळे जग चालवतो, म्हणजे राक्षस, सराय चालवणारा, पाऊस, कुलूप लावलेला दरवाजा, सारे काही. पात्र काय करते ते खेळाडू सांगतो, आणि निकालाची खात्री नसेल तिथे फासा टाकला जातो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली तीन लहान पुस्तिकांच्या रूपात निघाला, तेव्हा प्रत्येक गेम मास्टर आपले भुयार, म्हणजे साहसाची जागा, स्वतःच आखील असे गृहीत होते. १९७५ च्या ‘ब्लॅकमूर’ या पुरवणीत एक तयार मोहीम छापली गेली. १९७६ मध्ये ‘वी वॉरियर्स’ या छोट्या प्रकाशकाने ‘पॅलेस ऑफ द व्हँपायर क्वीन’ स्वतंत्रपणे विकायला काढले, आणि मूळ प्रकाशक टीएसआरची स्वतंत्र मॉड्यूल्स १९७८ पासून येऊ लागली. दुसऱ्याने रचलेले भुयार आपल्या टेबलावर चालवायचे ही सोय अशी मागाहून आली, आणि ती नेमकी कसली सोय आहे याबद्दलचा घोळ आजही मिटलेला नाही.

त्या १९७८ सालच्या मॉड्यूल्सपैकी माइक कार यांचे ‘इन सर्च ऑफ द अननोन’ मला या वादात सगळ्यात बोलके वाटते. दोन बेपत्ता साहसवीरांचा ओसाड पडलेला भुयारी गड, त्याचे दोन मजले आणि क्रमांक घातलेल्या खोल्या, एवढेच त्यात आहे. प्रत्येक खोलीचे वर्णन संपले की राक्षस आणि खजिना यांच्यासाठी कोऱ्या ओळी सोडलेल्या आहेत. शेवटी राक्षसांची आणि खजिन्याची यादी दिली आहे, आणि त्यातून निवडून त्या ओळी गेम मास्टरने पेन्सिलीने भरायच्या आहेत. वाचायला बसलात तर हे पुस्तक अर्धवट वाटते. त्यातल्या एका खोलीत मात्र चौदा हौद आहेत. एकात जखमा भरून काढणारे पाणी आहे, एकात तेजाब, एकात मद्य, एकात मासे, एकाचे पाणी प्यायले की झोप लागते, एकाचे प्यायले की वाचा जाते, एक गोठलेला आहे, एक कोरडाच आहे. या खोलीत कथानक म्हणावे असे काहीही नाही आणि कोणी पूर्वजन्मीचे रहस्यही सांगत नाही. तरीही या खोलीत शिरलेला गट तासभर बाहेर पडत नाही. कोणी दोरीला कापड बांधून हौदात सोडते, कोणी रिकामी कुपी तेजाबाने भरून घेते आणि पुढच्या कुलपावर ओतायचे ठरवते, कोणी मद्य ओळखून चार घोट घेते आणि मग पुढच्या दारापाशी अडखळते. लेखकाने काय घडेल ते लिहिलेले नाही. काय आहे एवढेच लिहिले आहे, आणि घडवण्याचे काम टेबलावरच्यांकडे ठेवले आहे.

मॉड्यूल कशाने चांगले ठरते, याचे माझे उत्तर या खोलीत आहे. चांगले मॉड्यूल खेळाडूंना हाताळता येईल अशा वस्तू, माणसे आणि अडचणी देते, त्या एकमेकांशी कशा जोडलेल्या आहेत हे गेम मास्टरला झटकन समजेल असे मांडते, आणि पुढचे मोकळे सोडते.

दुसऱ्या टोकाला १९८४ चे ‘ड्रॅगन्स ऑफ डिस्पेअर’ ठेवता येईल. ट्रेसी हिकमन यांच्या या मॉड्यूलपासून ड्रॅगनलान्सची मालिका सुरू झाली, आणि तिने या खेळाला महाकथेची चटक लावली. तिच्यात नायक आधीच ठरलेले होते, त्यांची नावे, नाती आणि दुःखेही ठरलेली होती. कथेला आवश्यक असलेले एखादे पात्र मेले तर त्याचा मृत्यू संदिग्ध ठेवावा, मृतदेह सापडू देऊ नये, म्हणजे पुढे त्याला परत आणता येईल, अशी सूचनाच त्या मालिकेत आहे. ही सूचना वाचताना हसू येते, पण ती लबाडी नव्हती. पुढच्या भागांचे कथानक लिहून झालेले असेल तर त्या कथानकाला जिवंत ठेवण्याची जबाबदारी कोणीतरी घ्यायलाच हवी, आणि इथे ती फाशांकडून काढून गेम मास्टरकडे दिली गेली. खेळाडूने जिवावर उदार होऊन घेतलेला निर्णय अशा वेळी फक्त दिसायला निर्णय उरतो.

गंमत अशी की त्याच हिकमन यांनी लॉरा हिकमन यांच्यासह एकच वर्ष आधी, १९८३ मध्ये, ‘रेव्हनलॉफ्ट’ लिहिले होते आणि त्यात या अडचणीवर एक फार हुशार तोड काढली होती. त्या मॉड्यूलमध्ये रक्तपिपासू काउंट स्ट्राडचा किल्ला आहे. त्याला मारायला उपयोगी पडणाऱ्या वस्तू किल्ल्यात कुठे दडल्या आहेत, तो स्वतः अखेरीस कुठे गाठ घेईल आणि त्याचा यावेळचा हेतू काय आहे, हे सारे खेळात एक भविष्य सांगणारी स्त्री पत्ते मांडते त्यावरून ठरते. पत्ते पडेपर्यंत लेखकालाही ठाऊक नसते आणि गेम मास्टरलाही नाही. त्यामुळे हे मॉड्यूल नुसते वाचून संपवताच येत नाही, कारण वाचताना त्याचा शेवट रिकामा असतो. किल्ल्याचे नकाशे तिरक्या, त्रिमितीय पद्धतीने रेखाटलेले आहेत. ते सुंदर आहेतच, पण कोणता जिना कोणत्या मजल्यावर निघतो हे त्यांतून कळते, म्हणजे ते सौंदर्य राबते आहे. भरगच्च वातावरण आणि मोकळा खेळ यांचे वैर नाही, हे यावरून दिसते. कथा असू नये असे माझे म्हणणे कधीच नव्हते, ती टेबलाच्या आधी संपलेली असू नये एवढेच आहे.

आता आकाराकडे पाहू. मूळ ‘रेव्हनलॉफ्ट’ ३२ पानांचे होते. त्याचाच विस्तार असलेले २०१६ चे ‘कर्स ऑफ स्ट्राड’ २५६ पानांचे आहे. भोवतालचा मुलूख, गावे आणि त्यांतली माणसे त्यात आली, हे खरे, आणि त्या जाड पुस्तकांमध्ये ते उजवेच आहे, कारण पत्त्यांची युक्ती त्याने सांभाळली. तरीही पाने आठपट झाली तेव्हा टेबलावर एखादी गोष्ट शोधायला लागणारा वेळही वाढला, याकडे डोळेझाक करता येत नाही. हे असे का होते याचे कारण कोणाच्या हौसेत नसून हिशेबात आहे. पाच जणांच्या गटात मॉड्यूल घेणारा एकच असतो, उरलेल्या चौघांनी ते उघडायचेही नसते. पात्रांच्या नव्या क्षमतांचे पुस्तक मात्र पाचही जण घेऊ शकतात. एकाच माणसाला विकायच्या वस्तूतून पैसा काढायचा तर ती मोठी, महाग, कडक बांधणीची करणे भाग पडते, आणि प्रत्यक्षात न खेळवताही विकत घ्यावी अशी ती दिसली पाहिजे. मग ती वाचनासाठीच लिहिली जाते. प्रकाशकाला यात दोष देण्यात अर्थ नाही, पण आपण त्याच्या हिशेबाला खेळाची कसोटी समजू नये.

वाचनासाठी लिहिलेल्या खोलीचे टेबलावर काय होते, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. परिच्छेदाची सुरुवात ही खोली कधीकाळी एका सरदाराचे भोजनगृह होती येथपासून होते. मग त्या सरदाराचे भावाशी झालेले भांडण येते, मग जळमटे, मग ओलसर लाकडाचा वास, मग भिंतीवरचे फाटलेले पडदे. तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटच्या वाक्यात कळते की खोलीच्या मधोमध एक ऑगर, म्हणजे धिप्पाड नरभक्षक राक्षस, बसला आहे. निवांत वाचणाऱ्याला हा क्रम उत्कंठावर्धक वाटतो. टेबलावर मात्र खेळाडूने दार ढकललेले असते, चार चेहरे गेम मास्टरकडे लागलेले असतात, आणि तो बिचारा वासाचे आणि पडद्यांचे वर्णन वाचून दाखवून झाल्यावर म्हणतो, “आणि हो, समोर एक ऑगर आहे.” इतका वेळ तो ऑगर काय करत होता, या प्रश्नाला मग उत्तर नसते. भावाशी झालेले भांडण तर खेळाडूंना कळण्याचा मार्गच नसतो, कारण ते सांगणारे कोणी त्या खोलीत जिवंत उरलेले नाही. म्हणजे तो मजकूर केवळ मॉड्यूल वाचणाऱ्यासाठी आहे. ऑगर पहिल्या ओळीत, तो काय करतो आहे ते दुसऱ्या ओळीत, त्याला काय हवे आहे ते तिसऱ्या ओळीत आणि बाकी हाताळता येणाऱ्या वस्तू त्याखाली, एवढ्या साध्या मांडणीने हे टळते. ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’ या, जुने नियम नव्याने मांडणाऱ्या खेळाच्या मॉड्यूल्समध्ये महत्त्वाचा शब्द ठळक आणि त्याचा तपशील लगेच कंसात, अशी तुटक मांडणी असते. ती वाचायला रुक्ष वाटते, पण चालवताना नजर हवी तिथे पोचते. अशा मांडणीचे प्रयोग बहुतांशी लहान प्रकाशकांनी केले, आणि ते करता आले याचे मोठे श्रेय २००० साली आलेल्या ओपन गेम लायसन्सला, म्हणजे या खेळाचे नियम वापरून इतरांना आपली पुस्तके काढू देणाऱ्या परवान्याला, जाते. २०२३ च्या जानेवारीत त्याच्या अटी आवळण्याचा मूळ खेळाच्या प्रकाशकाचा बेत बाहेर आला तेव्हा जो गदारोळ झाला आणि अखेर नियमांचा पाया क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त वापराच्या परवान्याखाली खुला करावा लागला, तो अनेकांना वकिली किस पाडण्याचा प्रकार वाटला असेल. मॉड्यूल कोणी लिहायचे आणि कसे लिहायचे, हाच प्रश्न त्याच्या मुळाशी होता.

अ‍ॅक्सेसरीजच्या बाबतीत तर मतांचा पूरच असतो. धातूचे फासे, चामड्याची झाकणे, फासे टाकायचे मनोरे, रंगवलेली मिनिएचर्स म्हणजे पात्रांच्या छोट्या बाहुल्या, छापील युद्धपट, गेम मास्टरपुढे उभी राहणारी आडोशाची स्क्रीन, पात्रांचे पत्ते, पार्श्वसंगीत. यांपैकी फाशांना मी अ‍ॅक्सेसरी मानत नाही, कारण फासा हा नियमच असतो. वीस बाजूंच्या एका फाशावर प्रत्येक अंकाची शक्यता ५ टक्के असते, तर सहा बाजूंच्या तीन फाशांच्या बेरजेत १० किंवा ११ पडण्याची शक्यता मिळून २५ टक्के आणि १८ पडण्याची २१६ त एक असते. पहिल्या प्रकारात कसलेला योद्धाही सारखा तोंडघशी पडतो, दुसऱ्यात बहुतेक वेळा अपेक्षित तेच घडते, आणि ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’सारखा २०१० चा खेळ दोन फाशांच्या बेरजेत ७ ते ९ या मधल्या पट्ट्याला ‘जमले, पण काहीतरी गमावून’ असा अर्थ देतो तेव्हा त्याच्या कथांचा स्वभावच बदलतो. पण हे सारे अंकांचे गुण आहेत, धातूचे नव्हेत. १९७९ च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला तेव्हा टीएसआरने आपल्या प्राथमिक संचात फाशांऐवजी आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे दिले. ते कापायचे, पेल्यात टाकायचे आणि न बघता एक काढायचा. प्रत्येक वेळी काढलेला तुकडा परत टाकला तर शक्यता तंतोतंत तीच राहते. हातातून फासा घरंगळण्याची मजा गेली, खेळ मात्र शाबूत राहिला.

मिनिएचर्स आणि युद्धपटांचे प्रकरण इतके सरळ नाही. हा खेळ युद्धपटावरच्या सैन्यखेळांतूनच जन्मला, १९७४ च्या पुस्तिकांच्या मुखपृष्ठावरच कागद, पेन्सिल आणि मिनिएचर्स यांचा उल्लेख होता, त्यामुळे त्यांना उपरे म्हणणे खोटेपणाचे होईल. ज्यांना ऐकून जागेचे चित्र डोळ्यांपुढे उभे करणे जड जाते त्यांना पटावरची बाहुली खरोखर आधार देते, आणि कोण कुठे उभा होता यावरून होणारे वादही मिटतात. अडचण दुसरीकडे आहे. महागडा, देखणा, एकाच पुलाचा पट विकत घेतला की लढाई त्या पुलावरच होते. खेळाडूंनी नदी उतारावरून ओलांडायचे ठरवले, किंवा पुलावरच्या नाकेदाराला लाच दिली, तर पट पिशवीतच राहील, आणि ज्याने तो पैसे आणि वेळ घालून मांडला आहे त्याला ते नको असते. तो नकळत उतारावर पूर आणतो. संगणकावरच्या टेबलांनी हा ओढा आणखी वाढवला आहे. ‘रोल२०’सारख्या सोयी २०१२ पासून आल्या आणि दूर पांगलेले गट त्यांच्यामुळे टिकले, हा त्यांचा उपकार आहे. पण भिंती, प्रकाश आणि दृष्टिरेषा बसवलेला नकाशा तयार करायला जितके तास जातात, तितका गेम मास्टर त्या नकाशाला बांधला जातो. तयारी जितकी देखणी तितकी ती वाया घालवणे जड, आणि वाया घालवता न येणारी तयारी खेळाडूंचे मार्ग बंद करते. म्हणून सामानाबद्दल माझा प्रश्न एकच असतो: हे ऐन वेळी बाजूला ठेवता येईल का? स्क्रीन या कसोटीला उतरते, तिच्या आतल्या बाजूला खरोखर लागणारे तक्ते असतील तर. बहुतेक स्क्रीन्सच्या बाहेरच्या बाजूवर चित्रकाराने घेतलेली मेहनत आतल्या बाजूच्या तक्त्यांच्या निवडीवर कोणी घेतलेली दिसत नाही, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा की मॉड्यूल वाचणे हाही एक छंद आहे. अनेकांना गट मिळत नाही, वेळ जमत नाही, आणि ते ही पुस्तके आवडीने वाचतात. त्यांच्या आनंदाला कमी लेखण्याचा अधिकार मला नाही. फक्त त्यांनी ते मत वाचनाचे मत म्हणून द्यावे. ताकाला जाऊन भांडे लपवण्याची गरज काय? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कोऱ्या ओळी भरणे अनुभवी माणसाला जमते, नवा गेम मास्टर मात्र कोऱ्या जागेपुढे गोठतो, त्याला हात धरून नेणारा मजकूर हवा असतो. हे मान्य. पण हात धरणे आणि पाने वाढवणे या दोन गोष्टी एक नाहीत. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या स्टार्टर सेटमध्ये ३२ पानांचे नियम, ६४ पानांची मोहीम, पाच तयार पात्रे आणि सहा फासे होते, आणि तेवढ्यावर असंख्य नवखे गेम मास्टर उभे राहिले. त्या मोहिमेत पहिला हल्ला पायरीपायरीने समजावला आहे, पुढे मात्र गाव आणि भोवतालचा प्रदेश खुला सोडला आहे. ‘इन सर्च ऑफ द अननोन’सुद्धा नवख्यांसाठीच होते आणि प्राथमिक संचातच दिले जात होते. म्हणजे कोऱ्या ओळी तज्ज्ञांची चैन म्हणून आलेल्या नव्हत्या, त्या शिकवण्यासाठी होत्या. यादीतून एक राक्षस निवडून त्याला एका खोलीत बसवताना नवखा माणूस पहिल्यांदाच स्वतःला विचारतो की हा इथे का राहतो, खातो काय, आणि शेजारच्या खोलीतल्याशी त्याचे पटते का. दोनशे पाने वाचून हा प्रश्न पडेलच असे नाही.

मग मत कसे द्यावे? निदान ते मॉड्यूल कोणत्या गटाने, किती बैठका खेळले, कुठे सोडले आणि का सोडले, एवढे आधी सांगावे. खेळाडूंनी लेखकाला न सुचलेले काही केले तेव्हा पुस्तक गेम मास्टरच्या मदतीला आले की आडवे आले, हा त्याच्या पुढचा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. कोणता मजकूर कधीच वापरला गेला नाही हेही लिहावे, कारण प्रकाशकाला तेच दुसरीकडे कुठे कळत नाही. खेळून झालेले मत सहा महिने उशिरा येईल आणि तोवर त्या पुस्तकाचा गाजावाजा संपलेला असेल, ही अडचण खरी आहे. पण मॉड्यूल शिळे होत नाही. १९७८ चे चौदा हौद आजच्या नियमांतही जसेच्या तसे चालतात, कारण त्यांत आकडेमोड जवळजवळ नाहीच. उशिरा आलेले मत ज्याला उपयोगी पडायचे तो गेम मास्टर तेव्हाही पुढच्या मोहिमेच्या शोधात असतोच, आणि विकत घेण्याआधी त्याला कागदाची जाडी नको असते, तिसऱ्या बैठकीत काय झाले ते हवे असते.